वस्तू खोटं बोलत नाही

ज्या माणसाने मला पाच वर्षं परक्या लोकांच्या लोणच्याच्या बरण्या हुंगायला लावल्या, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. पण परवा एका लग्नात आमच्या कचेरीतला जुना सहकारी भेटला आणि जिलबी चघळत म्हणाला, "तुमचे ते हेडक्लार्क म्हणजे देवमाणूस." माझं पुढचं जेवण कडू झालं. याचं टेबल पहिल्यापासून वरच्या मजल्यावर, पंख्याखाली. देवमाणसाच्या हाताखाली याने एक आठवडा काढला असता तर आठव्या दिवशी वापी स्टेशन गाठून घरची गाडी धरली असती.

त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मूळचे देवगडकडचे. बायकामुलं गावी, आणि हे सिल्वासात सरकारी क्वार्टरमध्ये एकटे. मी अठ्ठ्याऐंशी साली डहाणूहून नोकरीला आलो, तेव्हा त्यांच्याकडे रहिवासाच्या दाखल्यांचं टेबल होतं आणि माझ्याकडे मोपेड होती. साहेबांनी मला त्यांच्या हाताखाली द्यायला एवढं कारण पुरलं.

रहिवासाचा दाखला म्हणजे हा माणूस सलग दहा वर्षं या केंद्रशासित प्रदेशात राहतो आहे असं सांगणारा सरकारी कागद. तो असेल तर तुमच्या पोराला प्रदेशाच्या वाट्याच्या जागेवर शिकायला जाता येई, इथल्या सरकारी नोकरीला अर्ज करता येई. नसेल तर तुम्ही बाहेरचे. आणि त्या दिवसांत सिल्वासात जो तो बाहेरून येत होता. करात सवलत मिळते म्हणून कारखाने उभे राहत होते, आणि कारखान्यांमागून धुळे-जळगावकडची, बिहारची, ओरिसाची माणसं येत होती. अथालच्या रस्त्याला कालपर्यंत जिथं भात होतं तिथं एका ओळीत दहा-दहा खोल्यांच्या चाळी उठल्या होत्या.

या माणसांनी दहा वर्षांचा पुरावा आणायचा कुठून? घरमालक भाडेपावती देत नसे. रेशनकार्ड गावाकडचं. राहिलं कारखान्याचं हजेरीपत्रक. तर ठेकेदार दर सहा महिन्यांनी कामगाराला आठ दिवसांचा ब्रेक देई, म्हणजे त्याला कायम करायला नको, आणि नवव्या दिवशी नवीन माणूस म्हणून परत कामावर घेई. कागद बघितला तर तो गडी सहा महिन्यांपूर्वी सिल्वासात उतरलेला. कागदोपत्री वीस-पंचवीस वेळा सिल्वासात नव्याने आलेली माणसं मी पाहिली आहेत. ती बिचारी एकदाच आली होती.

दुसरा कुणी हेडक्लार्क असता तर त्याने अर्ज नाकारून चहा मागवला असता. भाऊसाहेबांनी स्वतःची पद्धत काढली. ते म्हणत, कागद माणूस लिहितो आणि माणूस खोटं बोलतो. वस्तू खोटं बोलत नाही. म्हणून ते अर्जदाराच्या घरी जायचे, आणि त्यांना माझ्या मोपेडवरून न्यायचं हे माझं काम. मागे बसायचे ते छत्री आडवी धरून. बाराही महिने छत्री. समोरून ट्रक आला की ते ती छत्री आणखी बाहेर काढायचे, ट्रकवाल्याला अंतर कळावं म्हणून. माझा जीव जायचा.

अर्जदाराच्या चाळीपासून लांब गाडी लावायची, चालत जायचं, आणि आत शिरल्यावर कुणाशी बोलायचं नाही. घरच्या बाईने काही सांगायला तोंड उघडलं की ते हात वर करायचे. चहा घ्यायचे नाहीत. फक्त पाणी मागायचे, आणि बाईचा हात तांब्याकडे सरळ जातो की ती शोधाशोध करते ते बघायचे. भिंतीवरच्या खिळ्यांचा गंज नखाने खरवडून बघायचे. चालू सालच्या कॅलेंडरमागे जुनी किती आहेत ते मोजायचे. मागच्या दाराशी शेवगा किंवा पपई असेल तर खिशातला शिंप्याचा टेप काढून बुंध्याला लावायचे. मग फळीवरची लोणच्याची बरणी उघडून हुंगायचे आणि माझ्या नाकाखाली धरायचे.

"किती वर्षांचं?" ते मला विचारायचे.

मला काय कळणार कपाळ. मी म्हणायचो, दोन. ते म्हणायचे, तीन, नीट हुंग. आणि मी लिहायचो. सगळे अहवाल माझ्या अक्षरात आहेत, "कैरीचे लोणचे, अंदाजे तीन वर्षे मुरलेले". हे सरकारी कागदावर लिहिताना माझे कान तापायचे. घरच्या बाया पदराआड हसायच्या, ते तर आणखी वाईट.

एकदा वैतागून मी त्यांना त्यांच्याच क्वार्टरमध्ये बोललो. मी एक फाइल द्यायला गेलो होतो. खोलीत एक खाट, खाटेखाली भरलेली ट्रंक, खुंटीला दोन शर्ट. भांडी म्हणून एक स्टोव्ह आणि एक पातेली. जेवण खानावळीचं. कॅलेंडरसुद्धा नाही. मी म्हटलं, भाऊसाहेब, तुमच्या पद्धतीने तपासलं तर तुम्ही सिल्वासात परवा आलेले आहात. ते सोळा वर्षं तिथं होते. जराही न हसता म्हणाले, "मी इथला नाहीच. मी सरकारी आहे."

पण त्या माणसाला नुसता विक्षिप्त म्हणून सोडून देता येत नाही, तीच माझी अडचण आहे. किलवणीहून एक वारली शेतकरी यायचा. त्याच्या मुलीला शिक्षिकेच्या ट्रेनिंगची जागा एका नंबराने हुकली होती, आणि तिच्या वरची जागा ज्या मुलाने नेली त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी गुदाम टाकायला सिल्वासात आलेला व्यापारी होता. त्या व्यापाऱ्याच्या फाइलीत दहा वर्षांच्या भाडेपावत्या होत्या. भाऊसाहेबांनी त्या हुंगल्या आणि मला म्हणाले, दहाही वर्षांना एकाच बाटलीतल्या शाईचा वास येतोय. त्यांनी अर्ज नाकारला. मग वर कुठून तरी फोन आला, आणि वरच्या मजल्यावरून दाखला सही होऊन गेला. तो किलवणीचा बाप त्यानंतर महिनाभर दर बाजाराच्या दिवशी यायचा, खुर्चीवर न बसता भिंतीशी उकिडवा बसायचा आणि काही न बोलता निघून जायचा. भाऊसाहेब त्या दिवशी जेवायला जायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, त्याला सांगून टाका ना की आपल्या हातात काही नव्हतं. तर माझ्यावरच उखडले. "त्याच्या पोरीची जागा कुणी खाल्ली ते तू सांगतोस त्याला? सांग जा."

त्या दिवसापासून ते जास्तच कडक झाले. आता गंमत बघा. ज्यांना फोन करता येत होता त्यांना हा कडकपणा लागायचा नाही. लागायचा तो अथालच्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या चाळीतल्या लोकांना. हे मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. किंवा दिसत असेल, पण त्यांच्याजवळ एकच पद्धत होती आणि ती त्यांनी सगळ्यांना लावली.

नव्वद साली त्या चाळीतून एकदम चार अर्ज आले. त्यात एक सतरा वर्षांचा मुलगा होता. बाप साक्रीकडचा, ऐंशी साली कारखान्यांचे पत्रे चढवायला आलेला, नंतर सुताच्या कारखान्यात ठेक्यावर लागलेला. मुलाला दहावीला चांगले मार्क होते आणि डिप्लोमाच्या एका जागेवर त्याचं नाव लागण्यासारखं होतं. दाखला हवा होता.

आम्ही सकाळी साडेसातलाच गेलो, कारण भाऊसाहेबांना लोक बेसावध हवे असायचे. पहिल्या खोलीत पाटा होता. भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. पाट्या-वरवंट्यावर त्यांचा फार विश्वास. चार दिवसांसाठी आलेला माणूस दगड विकत घेऊन ठेवत नाही, असं ते म्हणायचे, आणि खरं म्हणजे हे मलाही पटायचं. पाटा ओला होता, त्याचा एक कोपरा उडालेला होता. मी लिहून घेतलं. मग मागच्या बाजूला झाडांना टेप लावण्यात अर्धा तास गेला. दुसऱ्या खोलीत गेलो तर तिथंही पाटा, ओला, कोपरा उडालेला. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या खोलीकडे जायला ते मुद्दाम मागून वळले, आणि तिथं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं: चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी तोच पाटा दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या खोलीच्या मागल्या दाराने आत शिरत होती. चौथी खोली त्या साक्रीवाल्यांची. तिथं आम्ही पोचलो तेव्हा पाटा आमच्या आधी पोचला होता.

त्यांनी एक शब्द विचारला नाही. पाटा उचलून खालची जमीन बघितली, तिथं दगडाची खूण नव्हती. परत येताना मोपेडवर मागून माझ्या कानात बोलत होते: "बघितलंस? तपासणीला येणार हे कुणीतरी फोडलं. घाईघाईत धुतात आणि पुढच्या घरी पोचवतात." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हॉटेलात नेऊन चहा पाजला. चारही अर्जांवर "संगनमताने दिशाभूल" असा शेरा पडला. लिहिला मी. अर्जदारांना नुसतं इंग्रजीतलं पत्र गेलं, की आपला पुरावा विश्वासार्ह आढळला नाही. पाट्याचं नाव त्यात नव्हतं. मुलाची जागा गेली आणि तो बापाच्याच कारखान्यात बॉबिन उतरवायला लागला.

तीन वर्षांनी त्याच्या धाकट्या बहिणीचा अर्ज आला. नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी प्रदेशाच्या वाट्याला दोन जागा होत्या, हिचा नंबर दुसरा, आणि दाखला द्यायला पंधरा दिवस होते. ती रोज खिडकीशी यायची. शिपायाशी गुजराती, साहेबांशी हिंदी, माझ्याशी मराठी, आणि कुठल्याच भाषेत अडखळायची नाही. मी तिला सांगितलं, तुझ्या घराचा आधीचा शेरा वाईट आहे, त्यामुळे तपासणीच होणार नाही. तू साक्रीहून दाखला काढ आणि तिकडच्या जागेवर प्रयत्न कर. ती म्हणाली, तिकडे जाऊन आले. तिकडचे म्हणतात, चार वर्षांची असताना गेलीस, शाळा सगळी बाहेरच्या प्रदेशात, तू इथली नाहीस. मग तिने मला सरळच विचारलं, "साहेब, मी कुठली आहे ते कुणाला विचारू?"

मला राग आला. तिचा नाही, सगळ्याचाच. भाऊसाहेब जेवायला गेले होते. कचेरीतली गोष्ट बाहेर सांगायची नसते हे माहीत असून मी फाइल काढली आणि तिला सांगून टाकलं की तुमची चाळ एकच पाटा घरोघर फिरवून सरकारला फसवताना सापडली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "तो पाटा मीच नेत होते."

मग तिने सगळं सांगितलं. दहा बाय दहाच्या खोलीत प्रत्येकीने पाटा कुठे ठेवायचा? म्हणून चाळ उभी राहिली त्या वर्षी बायकांनी मिळून एक घेतला होता. सकाळच्या पाळीचे डबे गेले की वाटणाला पाळी लागायची, पहिल्या खोलीपासून दहाव्या खोलीपर्यंत. जी वाटेल तिने धुऊन द्यायचा, आणि पुढच्या घरी ही पोचवायची. रोज. आम्ही गेलो त्या दिवशीही त्यांनी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तिची आई आली. तो पाटा डोक्यावर घेऊन आली होती, अथालच्या रस्त्यावरून, चालत. शिपाई आडवा आला, तर तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. सरळ भाऊसाहेबांच्या टेबलाशी आली आणि पाटा टेबलावर ठेवला. टेबलावरची काच तडकली. सगळी कचेरी उभी राहिली.

"साहेब, हाऊ पाटा आख्खी चाळना शे," ती म्हणाली. "याले आठे सिल्वासामा तेरा वरीस व्हयनात. आम्हले नई देता तं नका द्या. या दगडले दाखला द्या."

भाऊसाहेबांनी उडालेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. त्यांना कळायला फार वेळ लागला नाही, तेवढे ते हुशार होते. पण कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्हीन इचारंच नई," ती म्हणाली.

ती गेली. पाटा तिथंच. दोन दिवस तो दगड आमच्या टेबलावर होता आणि आम्ही त्याच्या कडेकडेने फाइली ठेवत होतो. चाळीतल्या बायकांचं वाटण अडलं असणार हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं ते भाऊसाहेबांच्याच, तिसऱ्या दिवशी. मग मी तो मोपेडवर पायांत ठेवून पोचवला. माझ्या उजव्या नडगीला अजून व्रण आहे.

आता एवढं झाल्यावर काम सोपं होतं. सरकारात चूक दुरुस्त करायचे शंभर शब्द आहेत. मी त्यांना म्हटलं, लिहा, "फेरतपासणीत नवीन बाबी निदर्शनास आल्या." साहेब डोळे मिटून सही करतील, पोरीला दाखला मिळेल, आपण मोकळे. ते म्हणाले, "नवीन काय आहे त्यात? दगड तोच, माणसं तीच." आणि स्वतःच्या हाताने, माझ्या अक्षरात नाही, त्यांनी लिहिलं की नव्वद सालचा माझा अहवाल चुकीचा होता, चाळीत पाटा सामाईक आहे ही गोष्ट मी अर्जदारांना विचारली असती तर कळली असती, पण मी विचारलं नाही, सबब चारही अर्ज मंजुरीस पात्र आहेत. मी हात जोडले. मी म्हटलं, भाऊसाहेब, असं कुणी लिहीत नाही. पेन्शन जवळ आली आहे. त्यांनी पत्र जावक नोंदवहीत चढवलं आणि माझ्यासमोर शिक्का मारला.

साहेबांनी त्यांना आत बोलावून दार लावून घेतलं. आवाज बाहेरपर्यंत येत होता, एकाच माणसाचा. आठवडाभरात मेमो आला आणि दाखल्यांचं टेबल त्यांच्याकडून काढून त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. ते एक वेळ सोसलं असतं. पण त्या पत्राची नक्कल बाजारात फुटली. ज्यांचे ज्यांचे अर्ज भाऊसाहेबांनी नाकारले होते ते सगळे गुदामवाले, प्लॉटवाले, त्यांचे पुतणे आणि भाचे, वकील घेऊन आले. ज्या अधिकाऱ्याने आपला अहवाल चुकीचा असल्याची कबुली दिली आहे त्याचे बाकीचे अहवाल ग्राह्य कसे धरायचे, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा बिनतोड होता. महिन्याभरात त्यांचे सगळ्यांचे दाखले निघाले, कारण त्यांच्या फाइलीत कागद पूर्ण होते. मी ते दाखले टाइप केले. एका खऱ्या पत्राच्या जोरावर एवढ्या खोट्या फाइली सुटलेल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत. किलवणीचा तो बाप त्यानंतर मला दोनदा बाजारात दिसला आणि दोन्ही वेळा मी तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीत शिरलो. हे भाऊसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, तो माझा दोष आहे, तू कशाला तोंड लपवतोस. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मुलीला जागा मिळाली, हे सांगून टाकतो. मुदतीच्या दोन दिवस आधी दाखल्यावर सही झाली. ती गेली, शिकली, नर्स झाली. चारांपैकी दोन कुटुंबं तोवर सुरतेकडे निघून गेली होती आणि तिसऱ्या घराला दाखल्याची गरज उरली नव्हती. राहिला होता तो हिचा भाऊ.

सही झाली त्या दुपारी भाऊसाहेब रेकॉर्ड रूममधून वर आले आणि म्हणाले, दाखला आपण पोचवू. मी म्हटलं, ती संध्याकाळी खिडकीशी येणारच आहे. तर म्हणाले, गाडी काढ. आता ते माझे वरिष्ठही नव्हते. मी गाडी काढली.

चाळीत तिचा भाऊ एकटाच होता. वीस वर्षांचा, हाताला तेलाचा काळेपणा बसलेला. दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत डबा भरत होता. त्याने हात पुसून बहिणीचा दाखला घेतला, सगळा वाचला, शिक्कासुद्धा वाचला. चांगलं झालं म्हणाला. मग भाऊसाहेबांनी त्याला सांगितलं की तुझाही निघेल, माझ्या चुकीने अडला होता, तू परवा येऊन घेऊन जा.

त्याने दाखला देवाच्या फळीवर ठेवला आणि विचारलं, "साहेब, माझ्यावाल्यावर तारीख कुठली पडंल?"

"निघेल त्या दिवसाची."

"तीन साल पाठीमागची नाही पडनार?"

मला सगळं माहीत होतं. शिक्का कुठल्या खणात असतो, कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा कुणाकडे असतो, साहेब सह्या करताना तारखेकडे बघत नाहीत. ती डिप्लोमाची जागा त्या तारखेने परत येणार नव्हती, हे त्यालाही माहीत असणार. त्याला ती कशाला हवी होती ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी भाऊसाहेबांकडे बघत राहिलो. पाच वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. मला वाटत होतं, एकदा खोटं लिही बाबा, एकदाच, शाई मी धरतो.

"नाही," भाऊसाहेब म्हणाले. "ती तारीख खोटी होईल."

त्या मुलाने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आता मला काय काम त्याचं." त्याने डब्याची कडी लावली, चपला घातल्या, सायकल बाहेर काढली. भाऊसाहेब या माणसाचा मला जेवढा राग त्या क्षणी आला तेवढा ना आधी आला होता ना नंतर आला, आणि तो मेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली तरी गेलेला नाही. मी निघायला लागलो.

मुलगा दारातून मागे वळला. "बसा ना साहेब," तो म्हणाला. "आई येईल इतक्यात, तिला तुमच्या तोंडाने सांगा. उन्हाचे आलात, पाणी घ्या." आणि दार तसंच उघडं टाकून तो कामावर गेला.

भाऊसाहेब भिंतीला टेकून खाली बसले. त्याची आई येईपर्यंत आम्ही दोघं त्याच्या घरात पाहुण्यांसारखे बसून राहिलो.